आपल्या जमिनीची आणेवारी

१८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी जमिनीच्या पाहणीचे जे काम आरंभिले, आणि जे पुढे मुंबई इलाख्याच्या रयतवारी मुलखाला सर्वत्र लागू झाले, त्या कामाचे जुने दफ्तर वाचण्याचा योग मला तरुणपणी नोकरीच्या निमित्ताने आला. आणि आज, निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटल्यावर, आपली उद्दिष्टे कशी ठरवावीत व त्यांचा हिशेब कसा ठेवावा असे एखादा तरुण मला विचारतो, तेव्हा मला प्रथम त्या दफ्तराचीच आठवण होते. त्या पाहणीच्या आधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेली आकारणी फसली होती; सारा इतका जड झाला होता की कित्येक कुणब्यांनी जमिनी पडीत टाकल्या होत्या. नव्या पाहणीने नियम असा घातला की, शेतात खड्डा खणून माती पाहावी, तिची खोली, रंग व पोत यांवरून नऊ प्रतींपैकी एकीत ती बसवावी, वाळू, चुनखडीचे खडे, उतार, पाण्याचा लोंढा वा ओल धरून राहणे यांसारखा एखादा दोष आढळल्यास प्रत त्या मानाने उतरवावी, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत तिचे सापेक्ष मोल धरावे, आणि मगच सारा बसवून तो तीस वर्षांच्या मुदतीपर्यंत वाढवू नये. या कामाला प्रतबंदी असे नाव होते. त्यातून निघालेला आकडा ज्या रकान्यात उतरला, तो ‘आकार’ हा रकाना सातबाऱ्यावर आजही आहे.

त्या पद्धतीतही तुलना होती हे खरे; किंबहुना एका शेताची माती दुसऱ्या शेताच्या मातीशी ताडून पाहिल्यावाचून प्रतबंदी होणेच शक्य नव्हते. परंतु ती तुलना कोणाची मान खाली घालण्यासाठी नव्हती, तर मागणी न्याय्य व्हावी एवढ्यासाठीच होती, आणि म्हणून बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतांपैकी एकाचा आकार दुसऱ्याच्या चौपट असला, तरी मुरमाड जमिनीच्या धन्याने काळ्याभोर जमिनीच्या धन्याइतका सारा भरावा असे गावात कोणी म्हणत नसे. स्वतःच्या आयुष्याच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच म्हणतो. शेजाऱ्याचे उभे पीक आपण पाहतो, त्याच्या मातीत खड्डा खणून पाहत नाही, आणि त्या पिकावरून आपला सारा आपणच ठरवून आपल्याच डोक्यावर लादतो. मग इंदापुरात प्रिंगलच्या आकारणीने जे घडले तेच आपल्या मनात घडते, म्हणजे मागणी पेलवत नाही म्हणून मनुष्य जमीनच पडीत टाकून देतो. पुष्कळांनी गाणे, लेखन, व्यायाम, एखादी भाषा शिकण्याचा छंद अशाच रीतीने सोडलेला मी पाहिला आहे. त्यांना ते येत नव्हते म्हणून त्यांनी सोडले असे नव्हे. दुसऱ्या कोणाला ते अधिक येत होते, एवढेच कारण होते.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून घरी आला होता. तो सदाशिव पेठेत एका खोलीत तिघांबरोबर राहून लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास करतो, आणि सकाळी सातपासून रात्री दहापर्यंतचा त्याचा वेळ अभ्यासिकेच्या एका फळीपुढे जातो. फराळाचे ताट तसेच ठेवून तो म्हणाला, “काका, माझ्या शेजारी बसणाऱ्या दोघांच्या पोस्ट निघाल्या. मी अजून पूर्वपरीक्षेतच अडकलोय. माझ्यात काहीतरी कमी आहे.” मी त्याला त्या दोघांविषयी चार प्रश्न विचारले: त्यांनी अभ्यासाला आरंभ कधी केला, त्यांचे पदवीचे विषय कोणते होते, त्यांना घरी पैसे पाठवावे लागत होते काय, आणि हा त्यांचा कितवा प्रयत्न होता. दोन वर्षे त्यांच्या शेजारी बसूनही या चारांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याला देता आले नाही. महिन्याभराने त्याचा दूरध्वनी आला तेव्हा त्याने चौकशी केलेली होती: एक जण पाचव्या प्रयत्नात उत्तीर्ण झाला होता, आणि दुसरा अभियांत्रिकीचा पदवीधर असल्यामुळे सीसॅटच्या ज्या गणितांवर माझ्या पुतण्याचे तीन-तीन तास खर्ची पडत, ती त्याला अर्ध्या तासात सुटत होती. ज्या दोन शेतांच्या मातीची काडीइतकी माहिती नाही, त्यांच्या पिकावरून हा मुलगा स्वतःला नापीक ठरवून बसला होता.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, कोणतेही उद्दिष्ट हाती घेण्यापूर्वी आपली प्रतबंदी आपण लिहून काढावी, आणि ती मनात न ठेवता कागदावरच लिहावी, कारण मनातला हिशेब लहरीप्रमाणे बदलतो. वय किती, दिवसातले खरोखर मोकळे असे तास किती, घरातील जबाबदाऱ्या कोणत्या, शिल्लक किती आणि देणे किती, प्रकृती कशी, या कामातले कोणते कौशल्य आज अंगी आहे व कोणते मुळापासून शिकावयाचे आहे, आणि अडचणीच्या वेळी हाक मारावी असे मनुष्य कोण आहे, एवढे जरी एका पानावर उतरले तरी पुरे. दोष लिहिताना संकोच करू नये. लहान मुलांची आई असलेल्या स्त्रीने आपल्याला रात्री नऊनंतरचा एकच तास मिळतो असे लिहिले, तर ती कुरकुर ठरत नाही. पाहणी कामगाराने चुनखडीचे खडे नोंदवावेत तशी ती एक नोंद आहे, आणि त्या एका तासातच मावेल असे उद्दिष्ट तिने धरले तर ते कोणाही मोकळ्या माणसाच्या उद्दिष्टाइतकेच सोळा आणे खरे आहे.

येथे एक धोका मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे, कारण तो फार जणांना नडतो. प्रतबंदी ही सबबींची यादी होऊ शकते, आणि एकदा ती तशी झाली की मनुष्य आपल्या प्रत्येक आळसाला एकेक दोष चिकटवून मोकळा होतो. विंगेटच्या पद्धतीत दोषामुळे प्रत उतरे, परंतु जमीन साऱ्यातून सुटत नसे. अगदी शेवटच्या प्रतीच्या जमिनीलाही दोन आण्यांच्या मानाने आकार बसेच. तेव्हा आपल्या अडचणींची नोंद पुरी झाल्यावर त्याच पानाच्या तळाशी, या अडचणी धरूनही मी अमुक इतके देणे लागतो, असा एक आकडा लिहिल्याशिवाय ते पान मिटू नये.

या विषयात मला महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र सर्वांत अधिक आधार देत आले आहे. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून जे विद्यार्थी बी. ए. झाले त्यांत गोपाळ कृष्ण गोखले होते आणि कर्वेही होते. गोखल्यांना तेव्हा नुकतेच अठरावे वर्ष पुरे झाले होते, आणि कर्वे सव्वीस वर्षांचे होते. कोकणातील मुरुड गावचा हा मुलगा लहानपणी एका परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेला, आणि दिसावयास फारच लहान, म्हणून तिथे त्याला परीक्षेस बसू दिले नाही. इंग्रजी शिक्षण उशिरा लाभले, मॅट्रिक होईपर्यंत तेविसावे वर्ष उजाडले, आणि मुंबईत खाजगी शिकवण्या करून त्याने आपले शिक्षण व संसार सांभाळला. पदवीच्या दिवशी त्यांनी आपल्या शेजारच्या अठरा वर्षांच्या तेजस्वी पदवीधराकडे पाहून हिशेब मांडला असता, तर तो आठ वर्षांच्या तुटीचा निघाला असता. तसा हिशेब ते मांडीत बसले असते, तर १८९१ साली त्याच गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविण्यास कोणत्या मनाने आले असते? टिळक ज्या विषयाचे अध्यापन सोडून गेले होते तो विषय, तो लौकिक, आणि बोलावणारा आपल्याहून आठ वर्षांनी लहान. परंतु काम आपल्याला येणारे आहे आणि ते करण्याजोगे आहे, एवढे पाहून हा अत्यंत संकोची स्वभावाचा मनुष्य आला.

पुढची वर्षे पाहण्याजोगी आहेत. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला नेला, आणि दिवसा महाविद्यालयात शिकवून संध्याकाळी चिखलातून चालत हिंगण्याला जाण्याचा क्रम चालविला. गोखले त्या काळात कायदेमंडळात व देशाच्या राजकारणात अग्रभागी होते. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला, आणि १९१५ च्या फेब्रुवारीत, वयाची एकोणपन्नास वर्षेही पुरी झाली नव्हती तोच, ते निवर्तले. कर्वे तेव्हा छप्पन वर्षांचे होते, आणि ज्या कामासाठी आज त्यांचे नाव प्रथम घेतले जाते ते महिला विद्यापीठ अजून जन्माला यावयाचे होते. ते १९१६ साली निघाले, १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीने स्थिरावले, आणि त्यानंतरही कर्व्यांनी सत्तरीत परदेशाचा प्रवास केला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले, व शंभराव्या वर्षी, १९५८ साली, भारतरत्न स्वीकारले. या दोघांत थोर कोण, हा प्रश्न मला कोणी विचारला तर मी तो ऐकूनच घेणार नाही. एकाची मुदत अठ्ठेचाळीस वर्षांची होती आणि दुसऱ्याची एकशे चार वर्षांची. १८८४ साली, १९०५ साली की १९१५ साली, कोणत्या दिवशी या दोघांना एका काट्यावर चढवावयाचे? आणि ज्या दिवशी चढवू, त्या दिवशी काटा काही तरी दाखवील, ते त्या दिवसापुरते खरेही असेल, पण त्यातून दोघांनाही पुढे काय करावयाचे ते कळणार नाही.

असेच आणखी एक उदाहरण थोडक्यात सांगतो. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी सहकाऱ्यांचे मंडळ उभारून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड १९२० नंतरच्या दहा वर्षांच्या आत पुरे केले. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली निघाला तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते, आणि पाचवा खंड निघाला तेव्हा १९६२ साल उजाडले होते. वकिली सांभाळून एकट्याने केलेले हे काम ज्ञानकोशाच्या वेगाने मोजले असते तर ते दुसऱ्या खंडापाशीच थांबले असते.

प्रतबंदी एकदा झाली की ती वर्षानुवर्षे चालते; दरवर्षी करावयाची ती आणेवारी. सरकारी कागदात आता पैसेवारी हा शब्द आला असला तरी गावाच्या तोंडी आणेवारीच आहे, आणि तिचा अर्थ असा की यंदाचे पीक त्याच गावाच्या प्रमाण धरलेल्या पिकाशी ताडून पाहावयाचे. ते रुपयात निम्म्याच्या आत आले की टंचाई समजावयाची. माणच्या ज्वारीची आणेवारी कोणी कोल्हापूरच्या उसाशी ताडून काढीत नाही. वाचकांनी आपल्या उद्दिष्टांसाठी हीच रीत उचलावी असे मला वाटते. वर्षारंभी, आपल्याकडे पाडव्याचा मुहूर्त आहेच, एक कोरी वही घ्यावी आणि त्यात आपल्या मागील बऱ्या वर्षांपैकी एकाचे उत्पन्न सोळा आणे म्हणून लिहावे. ते मोजता येईल अशा शब्दांतच लिहावे. ‘वाचन वाढवीन’ हे मोजता येत नाही, ‘मागील बऱ्या वर्षी अकरा पुस्तके पुरी केली’ हे मोजता येते. ‘धंदा सुधारीन’ हे मोजता येत नाही, ‘उधारी तीन महिन्यांच्या आत वसूल झाली’ हे मोजता येते. रोजची नोंद दोन ओळींची असावी, महिन्याच्या शेवटी तिची खतावणी करावी, आणि वर्षअखेरीस आणे लिहावेत. पहिल्या वर्षी मागची नोंदच नसेल, तर ते वर्ष केवळ मोजण्यात घालवावे. घाईने लिहिलेले प्रमाण बहुधा दुसऱ्या कोणाकडून उचललेले असते.

ही वही ठेवणाराला महसुली कारभारातील आणखी दोन शब्द उपयोगी पडतील. पीक बुडाले तर साऱ्याची तहकुबी मिळे, म्हणजे वसुली पुढील वर्षावर जाई. आणि अवर्षण फार लांबले तर सूट मिळे, म्हणजे ते देणे कायमचे माफ होई. घरात आजारपण आले, आईवडिलांपैकी कोणी गेले, नोकरी सुटली, तर त्या वर्षी आपल्या उद्दिष्टाला तहकुबी द्यावी आणि तशी नोंद तारखेसह वहीत करावी. कारण नोंद न करता सोडलेले काम मनाला अपयशासारखे बोचत राहते, आणि नोंद करून पुढे ढकललेले काम आपली वाट पाहत थांबते. सूट मात्र विरळा द्यावी, आणि ती दु:खाच्या भरात देऊ नये; सहा महिने गेल्यावर, शांतपणे, हे काम आता खरोखरच माझे राहिले नाही काय, असे विचारून मग द्यावी.

दुसऱ्याकडे पाहूच नये, असे मी म्हणत आहे असा कोणी ग्रह करून घेऊ नये. मी नोकरीला लागलो तेव्हा मोजणी तेहतीस फुटी साखळीने होत असे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. वापराने साखळीच्या कड्या ताणतात व ती लांब होते, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी ती प्रमाण लांबीशी ताडून घ्यावी लागे. चांगला गुरू, चांगला सहकारी, आपल्याहून वरचढ असा स्पर्धकही, यांच्याकडे मनुष्याने एवढ्यासाठी अवश्य जावे: आपली साखळी ताणली आहे काय हे पाहण्यासाठी. तो टिपणे कशी काढतो, गिऱ्हाइकाशी कसा बोलतो, चूक झाल्यावर काय करतो, हे विचारावे आणि उचलावे. त्याची पद्धत आपल्या घरी आणता येते. त्याचे पीक आणता येत नाही.

हा भेद मला स्वतःला उशिरा कळला, आणि त्याची किंमत मी मोजलेली आहे. माझ्याबरोबर कामाला लागलेला एक सहकारी माझ्या आधी बढती पावला, तेव्हापासून दर वर्षी ज्येष्ठतासूची निघाली की मी प्रथम त्याचे नाव शोधी, मग माझे शोधी, आणि मधली नावे मोजी. तीन वर्षे मी हे केले. त्या तीन वर्षांत मला मोडी वाचनाची परीक्षा देता आली असती, ती मी दिली नाही. जुन्या दफ्तरांतील ज्या नोंदींविषयी मला खरी जिज्ञासा होती त्यांचे एकही टिपण मी केले नाही. आणि त्या सज्जन सहकाऱ्याने घरी जेवावयास बोलाविले असता मी दोनदा खोटी सबब सांगून गेलो नाही. पुढे त्याच्या मुलीच्या लग्नात त्याने मला पंक्तीत आपल्या शेजारी बसविले आणि म्हणाला, “तुझं जुन्या कागदांचं वेड मला नेहमी हवंसं वाटायचं.” त्या दिवशी घरी येऊन मी मोडीची पुस्तके काढली. तुमच्या मनात ज्याच्याविषयी सल असेल त्याच्याकडे जाऊन, त्याच्या यशाबद्दल समोरासमोर, स्पष्ट शब्दांत आनंद व्यक्त करावा. तो प्रथम जुलमाचा वाटेल, पण बोललेला शब्द मनाला हळूहळू आपल्या मागे ओढून नेतो, हे मी अनुभवाने सांगतो.

काही तुलना टाळता येत नाहीत. जागा तीनशे आणि उमेदवार लाखभर असले की गुणवत्तायादी लागणारच, कचेरीत एकच जागा रिकामी असली की दोघांपैकी एकालाच ती मिळणार. ती यादी काय सांगते एवढेच तिच्यापासून घ्यावे: त्या दिवशी, त्या प्रश्नपत्रिकेवर, त्या परीक्षकांपुढे आपला क्रम अमुक आला. आपले गुण कोणत्या विषयात गेले हे पाहण्यास ती उत्तम. आपण मनुष्य म्हणून केवढे आहोत हे तिला कोणी विचारलेलेच नसते. मोबाईलच्या पडद्यावर जे दिसते त्यात तर एवढीही शिस्त नाही. तेथे प्रत्येक जण केवळ सुगीचे दिवस दाखवितो, म्हणून कामाच्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा, यापलीकडे त्याविषयी मला काही सांगावयाचे नाही.

आईबापांना मात्र हात जोडून एक सांगणे आहे. “बघ, तुझा दादा कसा करतो,” हे वाक्य घरातून कायमचे काढून टाका. ते ऐकणाऱ्या मुलाला दादासारखे होता येत नाही आणि दादाविषयीचे प्रेमही राहत नाही. आणि दादाच्या वाट्याला, कोणाच्या तरी डोळ्यांत खुपण्याचे ओझे विनाकारण येते. त्याऐवजी मागील सहामाहीची त्याचीच उत्तरपत्रिका काढून या सहामाहीच्या शेजारी ठेवा आणि त्याच्याबरोबर बसून पाहा.

गेल्या पाडव्याला पुतण्या आला तेव्हा त्याने आपली वही मला दाखविली. तो अजून उत्तीर्ण झालेला नाही. पूर्वपरीक्षा या वेळी पार पडली, मुख्य परीक्षेत थोडक्यासाठी राहिले. त्याने वर्षाच्या रकान्यात साडेअकरा आणे लिहिले होते, मागील वर्षी आठ होते, आणि मधल्या दोन महिन्यांपुढे, वहिनींच्या शस्त्रक्रियेमुळे, तारखेसह ‘तहकूब’ असा शेरा होता. शेवटच्या पानावर पोस्ट निघालेल्या त्याच्या त्या दोन मित्रांपैकी एकाचे नाव होते. मी ते पाहिले तेव्हा तो म्हणाला, “इतिहासाची उत्तरं तो कशी लिहायचा ते विचारायचंय, रविवारी जाणार आहे त्याच्याकडे,” आणि ताट पुढे ओढून फराळ करू लागला.